हाकेच्या अंतरावर

सोमवार, ३ मार्च

आजपासून आणखी एक गळ्यात!

विभागप्रमुखांनी सकाळीच गाठलं. शेवटच्या वर्षाची शिकाऊ डॉक्टर, महिनाभर माझ्या हाताखाली, आणि महिनाअखेर फॉर्म मी भरायचा. तो फॉर्म म्हणजे तीन चौकटी. भूल देताना हिच्यावर देखरेख किती लागेल — ‘शेजारी उभं राहून’, ‘हाकेच्या अंतरावर’, की ‘घरून, फोनवर’. एकीत खूण करायची, खाली सही ठोकायची. म्हटलं, मला नका देऊ, माझं कुणाशी पटत नाही. तर म्हणाले, "म्हणूनच तुमच्याकडे. तुम्ही कुणाला सहजासहजी सोडत नाही." कौतुक होतं की टोमणा, अजून ठरवते आहे.

पोरगी ठेंगणी. टेबलाशी उभं राहायला पायाखाली स्टूल घेते. आणि सतत पुटपुटते. आधी वाटलं देवाचं नाव घेत असेल. जवळ जाऊन ऐकलं तर — ऑक्सिजन आहे, दुसरं सिलिंडर भरलेलं आहे, सक्शन चालतंय, श्वासाची नळी सातची, साडेसहाची हाताशी. जे करायचं ते आधी बोलायचं, मग करायचं. दिवसभर हेच. सर्जन वैतागले, "हा रेडिओ कुणी लावलाय?" मीही वैतागलेलीच होते. पण सर्जन बोलले म्हटल्यावर मला तिची बाजू घेणं भाग पडलं. म्हटलं, तुम्ही तुमच्या टाक्यांकडे बघा.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तिचं नाव आम्ही पुटपुटी ठेवलंय.

बुधवार, ५ मार्च

तीन केसेस. हात बगलेत घट्ट धरून उभी राहिले, कारण मोकळे सोडले की ते आपोआप पुढे जातात. तरी दोनदा सुटलेच. एकदा तिच्या हातातून मास्क काढून घेतला, एकदा पेशंटची हनुवटी वर उचलली. काही गरज नव्हती. ती फक्त पुटपुटली, "हनुवटी मॅडमनी धरली आहे." नोंद केल्यासारखं!

नवरा म्हणतो, मुलगा गाडी शिकत होता तेव्हा तू शेजारी बसून पायाने ब्रेक दाबायचीस, नसलेला. खरं आहे. त्या गाडीच्या पायपुसणीला माझ्या बाजूने भोक पडलं होतं.

गुरुवार, ६ मार्च

आज एक गोष्ट लिहून ठेवण्यासारखी.

पित्ताशयाची बाई, चाळिशीतली, पडदे शिवण्याचा धंदा. टेबलावर आल्यापासून थरथर. मी अशा वेळी काय विचारते? खोटे दात आहेत का, कशाची अ‍ॅलर्जी आहे का, सकाळपासून काही खाल्लंय का. तेहेतीस वर्षं हेच तीन प्रश्न. पुटपुटीने विचारलं, "सध्या कुणाचे पडदे हातात आहेत?" बाई म्हणाली, एका शाळेचे, अठरा खिडक्या. "मग शिवा की. पहिल्या खिडकीपासून." बाई खरंच सांगायला लागली, काठ किती दुमडायचा, कडी कुठे. तिसऱ्या खिडकीवर झोपली.

तोंडावर कौतुक केलं नाही. एवढ्या लवकर चढवून ठेवलं तर पोरं बिघडतात. पण घरी येताना बसमध्ये सगळ्या खिडक्यांचे पडदे बघत आले.

सोमवार, १० मार्च

कॅन्टीनमध्ये एकत्र जेवलो. म्हणजे मी जेवले, तिने डबा उघडून फोनवर मुलीचे फोटो दाखवले. चार वर्षांची. सासूकडे असते, इथून दोन तासांवरच्या गावात. ही शनिवारी संध्याकाळी जाते, सोमवारी पहाटे निघते. परवा शेजारणीने मुलीला विचारलं, तुझी आई कुठे असते गं? तर म्हणाली, "आई रविवारी असते." पुटपुटी हसत सांगत होती. मला हसता आलं नाही.

त्या गावात छोटा दवाखाना आहे. आठ महिने भूलतज्ज्ञ नाही, म्हणून ऑपरेशनच्या खोलीला कुलूप. अडलेल्या बाईला गाडीत घालून दोन तास इकडे आणतात. जागा भरायची आहे. पुटपुटीचा अर्ज पहिला आहे, पण तिथे ती एकटीच असणार, म्हणून त्यांना तिसऱ्या चौकटीची खूण हवी. एकतीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत. नाहीतर दुसऱ्या नंबरच्या उमेदवाराला.

मला म्हणाली, "मॅडम, हे सांगितलं ते दबाव आणायला नाही हं." म्हटलं, माझ्यावर दबाव आणणारा अजून जन्माला यायचाय. तू जेव आधी.

मंगळवार, ११ मार्च

केस चालू असताना मुद्दाम बाहेर गेले आणि दाराच्या काचेतून बघत राहिले. वाटलं तसंच झालं. दहा मिनिटांत पेशंटचं ब्लड प्रेशर घसरलं. ती पुटपुटली, सलाइन वाढवलं, औषध दिलं, सर्जनना थांबायला सांगितलं. ते थांबले! माझ्या सांगण्याने कधी थांबत नाहीत. प्रेशर वर आलं.

सगळ्यात एकदाही तिने दाराकडे पाहिलं नाही. उत्तमच. थोडं वाईटही वाटलं.

शुक्रवार, १४ मार्च

आज खरी परीक्षा झाली, न ठरवता.

जाड मानेचा ट्रकवाला, तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. श्वासाची नळी घालायला पुटपुटीचा पहिला प्रयत्न फसला. उशी बदलून दुसरा केला, तोही फसला. मी हात बगलेत. माझ्या वयाचे कितीतरी लोक मी पाहिलेत, जे अशा वेळी तिसरा, चौथा, पाचवा प्रयत्न करत राहतात, कारण शेजारी कुणीतरी बघतंय. पेशंट निळा पडतो पण ह्यांची मान खाली होत नाही. पुटपुटी मागे सरली, मास्कने ऑक्सिजन दिला आणि सरळ आवाजात म्हणाली, "मला जमत नाहीये. मॅडम, तुम्ही घ्या."

मी घेतली. मलाही पहिल्या फटक्यात जमली नाही! दुसऱ्यांदा गेली.

ज्याला वेळेवर ‘जमत नाही’ म्हणता येतं, त्यालाच एकटं सोडावं. हे मला कुणी शिकवलं नाही, मी आपटून शिकले. हिला सव्विसाव्या वर्षी कुठून आलं कोण जाणे. अशी शिकाऊ डॉक्टर दहा वर्षांत एखादी येते. लिहिलं एकदाचं. वही काही तिला दाखवायला जाणार नाही.

फॉर्म काढला. तिसऱ्या चौकटीवर पेन टेकवलं. मग म्हटलं, महिना अर्धा बाकी आहे, उतावळेपणा कशाला? ठेवून दिला कपाटात.

बुधवार, १९ मार्च

आज काय झालं ते नीट लिहायला हवं.

सुतारआजोबा, एकाहत्तर वर्षांचे, पोटाचं ऑपरेशन. सकाळी नऊला सुरू, साडेअकराला संपलं. भूल पुटपुटीची, देखरेख माझी. आजोबा छान जागे झाले, मान उचलली, किती वाजले विचारलं. पलीकडच्या खोलीत आणलं, जिथे पेशंट पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत ठेवतात. मी कोपऱ्यात कागद भरत बसले. पुटपुटी सिस्टरला केस समजावत होती. आजोबांना मळमळत होतं, म्हणून सिस्टरने डाव्या हाताच्या सुईतून मळमळीचं औषध दिलं. साधं, रोजचं औषध. मिनिटभराने आजोबा बोलता बोलता थांबले. मला वाटलं डोळा लागला.

पुटपुटी वळली. पापण्या अर्धवट, जबडा सैल, छाती हलत नाही. यंत्राची शिट्टीही अजून वाजली नव्हती. तिने मास्क लावला, पिशवी दाबली आणि म्हणाली, "नळीत स्नायूंचं औषध राहिलं होतं. ते आत गेलंय." मी खुर्चीतून उठायच्या आत.

ऑपरेशनला आम्ही स्नायू लुळे करणारं औषध देतो. सुईला जोडलेल्या बोटभर नळीत त्यातलं थोडं उरतं. म्हणून निघण्याआधी प्रत्येक नळी सलाइनने धुवायची. पहिल्या महिन्यात शिकवतात हे. धुतली नाही, तर नंतर दिलेलं कुठलंही औषध त्या उरलेल्याला पुढे ढकलतं. आणि माणूस झोपत नाही! टक्क जागा असतो, सगळं ऐकतो, पण पापणी हलवता येत नाही की श्वास घेता येत नाही. याहून मोठी भीती मला माहीत नाही.

तिने आजोबांच्या कानाशी तोंड नेलं. "आजोबा, तुम्ही जागे आहात. मला माहीत आहे. हलता येत नाही ते औषधामुळे, चूक आमची झाली आहे. वीस मिनिटांत उतरेल. तोवर तुमचा श्वास मी घेते. हा एक घेतला. हा दुसरा." इतरांशी बोलताना मान वर नाही, हात थांबला नाही. औषधाचा उतारा मी दिला, झोपेचंही थोडं दिलं. आजोबा काही झोपले नाहीत, डोळ्यांच्या कडांतून पाणी वाहत होतं. तिने ते पुसलं आणि सुतारकाम काढलं. "आता आपण दार बसवू. आधी बिजागरी लावू, मग चौकट उभी करू. बरोबर ना?" एकीकडे श्वास मोजते आहे, एकीकडे दार बसवते आहे.

बावीस मिनिटांनी आजोबांचं बोट हललं.

तेहेतीस वर्षांत इतकं सुंदर काम मी पाहिलेलं नाही. आणि ज्या चुकीमुळे ते करावं लागलं, तीही तिचीच. दोन्ही एकाच दिवशी कसं पचवायचं?

गुरुवार, २० मार्च

वॉर्डात आजोबांना भेटले. पलंगाचा पाय डगमगतो म्हणून सिस्टरशी भांडत होते. म्हणजे बरे आहेत.

माफी मागितली. म्हणाले, "घाबरलो ना. मेलो असंच वाटलं. मग ती पोर बोलायला लागली, तेव्हा कळलं की नाही मेलो, मेलेल्याशी कोण एवढं बोलतंय?" मग म्हणाले, "पण डॉक्टरीणबाई, तिला सांगा, बिजागरी आधी लावत नाहीत हो. चौकट आधी. मी आतल्या आत ओरडत होतो, अगं चौकट, चौकट! हलता येत असतं तर उठून हातातून पटाशी घेतली असती."

पुटपुटीला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं मॅडम. चुकीचं सांगितलं की माणूस भीती सोडून भांडायला लागतो. माझे वडील तसेच होते."

मी संडासात जाऊन रडले. अठ्ठावन्न वर्षांची बाई!

शुक्रवार, २१ मार्च

तिने रिपोर्ट लिहून दिला. दोन पानं, आडपडदा नाही. "केस माझी होती. निघण्यापूर्वी दोन्ही हातांच्या नळ्या धुतल्या आहेत का हे मी तपासलं नाही." सोबतचे कागद मी चाळले नाहीत, रिपोर्ट वाचला आणि सही केली.

मग दार लावून बोलले. चांगलंच झापलं. म्हटलं, एवढं पुटपुटतेस, मग नेमकं हेच कसं राहिलं? तुझ्या त्या दवाखान्यात कोपऱ्यात बसलेली मी नसेन. सिस्टरही एकच असेल. ती ऐकत राहिली. एकदा तोंड उघडलं. मी विचारलं, काही म्हणायचंय? "नाही मॅडम. तपासायला हवं होतं, हे खरंच आहे."

ओठ चावत गेली.

रविवार, २३ मार्च

नवऱ्याशी वाद. तो म्हणतो, "तुझ्या तोंडून महिनाभर त्या पोरीशिवाय दुसरं नाव नाही, आणि आता एका चुकीपायी तिला अडकवतेस? तू कधी चुकली नाहीस?" म्हटलं, चुकले, शंभरदा चुकले. पण ह्या बाबतीत नाही. नळी धुवायला मी कधी विसरले नाही. माझ्या हाताला ती सवयच आहे.

तो म्हणाला, "मग तुझ्या हातालाच विचार." आणि पेपर उघडून बसला. निवृत्त कवायत मास्तर, चर्चा अशीच संपवतात.

मंगळवार, २५ मार्च

पुटपुटी आता प्रत्येक नळी दोनदा धुते. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं. पण आवाज बंद झालाय. ओठ हलतात, ऐकू काही येत नाही. आज सर्जननीच विचारलं, "रेडिओ बिघडला काय हो?"

मला ती शांतता सहन होत नाही.

गुरुवार, २७ मार्च

भरला फॉर्म.

विभागप्रमुख म्हणाले, निर्णय तुमचा, पण चौकशीच्या फाइलवर शाई ओली असताना तिसरी चौकट? उद्या काही झालं तर सही तुमची. मी म्हटलं, मला भीती सहीची नाही. मला त्या गावातल्या टेबलावर झोपणाऱ्या माणसाची आहे.

तासभर फॉर्म समोर ठेवून बसले. सगळं तिच्या बाजूचं लिहून काढलं — हात, नजर, धीर, वेळेवर मदत मागणं, पेशंटशी बोलणं. ह्यात ती माझ्याहून चांगली आहे, हेही लिहिलं. दुसऱ्या बाजूला एकच ओळ. जी नळी धुवायला विसरली, तिला एकटं सोडता येत नाही. नियम माझाच. तो आवडत्या माणसासाठी वाकवला तर आपला तो बाब्या होतो.

दुसरी चौकट. हाकेच्या अंतरावर. आणखी सहा महिने.

शुक्रवार, २८ मार्च

तिला सांगितलं. "बरोबर आहे मॅडम," म्हणाली. मग दारातून वळून, "उद्या लवकर निघू का? मुलीला सांगायचंय. फोनवर नको."

हो म्हटलं. एवढंच काय ते माझ्या हातात होतं.

रविवार, ३० मार्च

काही लिहावंसं वाटत नाही. आज ती तिच्या घरी असेल.

सोमवार, ३१ मार्च

चौकशीची फाइल परत आली, प्रत्येक पानावर माझी सही हवी म्हणून. शेवटचं पान आजोबांच्या भुलीच्या चार्टची प्रत. दहा पन्नास: स्नायूंच्या औषधाचा जादा डोस, डाव्या हातातून. अक्षर माझं.

मग आठवलं. ती सकाळपासून उपाशी होती, मीच तिला कॅन्टीनला पिटाळलं होतं. सर्जन म्हणाले पोट घट्ट लागतंय. उजवीकडचं सलाइन अडत होतं, म्हणून मी डावीकडून दिलं. नळी धुतली नाही. ती परत आल्यावर सांगितलंही नाही.

चार्टची प्रत तिने स्वतः काढून जोडली आहे. म्हणजे दहा दिवसांपूर्वी, मी झापत होते तेव्हा, तिला माहीत होतं.

विभागप्रमुखांच्या दाराबाहेर बाकावर बसून हे लिहिते आहे. चार वाजून वीस मिनिटं, मुदत पाचची. नवा फॉर्म भरलाय, तिसरी चौकट. त्याच्याखाली दुसरा कागद आहे, त्या दिवसाचा रिपोर्ट, या वेळी माझ्या नावाने. आतली मीटिंग संपेना. दार वाजवते.